रिकाम्या रकान्याचा मालक

पुनमच्या मायच्या घराला एक सहमालक आहे आणि तो शेजारचा आदिनाथ आहे, हे पुनमला कळलं नांदेडच्या ऑफिसात, चहाचा पहिला घोट तोंडात असताना. स्क्रीनवर घरपत्राचा नमुना उघडा होता. मालक महादेवी बसप्पा, म्हणजे तिची माय. सहमालक आदिनाथ. आता हा आदिनाथ म्हणजे भिंतीपलीकडच्या तुळजाबाईचा नवरा, दोन्ही कानांनी बहिरा, दिवसभर शेळीशी गप्पा मारणारा म्हातारा. पुनमला आधी हसूच फुटलं. मग तिनं खालचं पत्र पाहिलं. तुळजाबाईला तिच्या पुढच्या घरचा माणूस लागला होता, त्या घराला त्याच्या पुढचा, आणि असं करत करत अख्ख्या गल्लीतल्या बायकांना एकेक घर पलीकडचा नवरा मिळाला होता. गावाच्या टोकाला राहणाऱ्या सुमनबाईच्या वाट्याला तर कुणीच उरलं नव्हतं.

काम असं होतं. मुखेडकडच्या गावांत गावठाणातल्या घरांना मालकीची पत्रं द्यायची होती. मोजणीची पोरं हातात टॅबलेट घेऊन घरोघर फिरली, प्रत्येक गावाची एक एक्सएमएल फाइल झाली, आणि त्या फाइलींमधून छापायची पत्रं काढून द्यायचं काम सुदर्शनच्या कंपनीनं घेतलं. कंपनी म्हणायला कंपनी. मोबाईलच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक सुदर्शन, एक वाजिद, एक पुनम आणि एक कुलर, तोही फक्त सुदर्शनकडं तोंड करून बसलेला.

एक्सएमएल ही काही आभाळातून पडलेली विद्या नाही. प्रत्येक गोष्टीला एक उघडणारी खूण, एक मिटणारी खूण आणि मधे मजकूर. सहमालक उघडा, नाव लिहा, सहमालक मिटा. नाव नसेल तर उघडा आणि लगेच मिटा. मधे काही नाही, पण खूण आहे, आणि खूण आहे म्हणजे तिची जागा आहे. सुदर्शननं लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, काय करायची, तर सगळे मालक एका रांगेत काढायची, सगळे सहमालक दुसऱ्या रांगेत, आणि जो रिकामा दिसेल तो उचलून फेकून द्यायची. मग पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा अशा गाठी मारत सुटायची. फाइलीत मायचा रकाना रिकामा होता. तो फेकला गेला आणि खालचे सगळे नवरे एकेक पायरी वर सरकले.

पुनमच्या मायची पिठाची गिरणी आहे. बायका डबे रांगेत लावून घरी जातात. एखादीची ज्वारी निवडायची राहिली असेल तर ती रिकामाच डबा ठेवून जाते, नंबर धरायला. तो डबा रिकामा आहे म्हणून बाजूला सारला की झालीच बोंब, हिचा गहू तिच्या डब्यात, तिची डाळ हिच्या डब्यात, आणि संध्याकाळपर्यंत गिरणीसमोर चार जणींच्या झिंज्या एकमेकींच्या हातात. रिकाम्या डब्याला हात लावायचा नाही, हे पुनम चालायला लागली तेव्हापासून शिकली होती. इंजिनिअर सुदर्शनला हे कोण शिकवणार?

तिनं स्क्रिप्ट नव्यानं लिहिली. एकेक घर वेगळं उघडायचं, त्या घराच्या आतच मालक शोधायचा, आतच सहमालक शोधायचा, आणि नसला तर नाही. कुठं खुणेच्या मधे काहीच नव्हतं, कुठं नुसती एक मोकळी जागा होती, कुठं पोरांनी खूणच गाळली होती. तिनं तिन्ही तऱ्हा धरल्या. ज्याचा त्याचा नवरा ज्याच्या त्याच्या घरी गेला, मायचा रकाना रिकामा राहिला, आणि सुदर्शननं शाबासकी म्हणून सगळ्यांना वडापाव मागवला. गोष्ट इथं मिटली असती तर सांगत कशाला बसलो असतो?

आठवडाही गेला नसेल. एका सकाळी वाजिदनं तिला हळूच स्वतःच्या खुर्चीजवळ बोलावलं. वाजिद तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, शांत माणूस, ऑफिसात कुणाचा आवाज चढला की उठून खिडकी लावून घेणारा. गुस्सा करू नको, पण हे बघ, म्हणाला. पुनमच्या स्क्रिप्टमध्ये कुणीतरी एक ओळ घुसवली होती. सहमालक रिकामा असेल तर रेशनकार्डाच्या फाइलीतून त्या घरच्या कर्त्या पुरुषाचं नाव घ्यावं. बस, एवढीच ओळ. पुनमनं मायचं पत्र काढून पाहिलं. सहमालक शिवशंकर संगप्पा बिरादार.

हा तिचा बाप. ती दुसरीत असताना लातूरला कामाला म्हणून गेला तो गेलाच. तिथं त्यानं दुसरा संसार मांडला, पोरं झाली, आणि इकडं फिरकला तो फक्त लग्नाकार्यात पंगतीला. घर त्याचं नव्हतंच कधी. जागा मायच्या बापानं, बसप्पा आजोबांनी दिलेली, भिंती मायनं गिरणीच्या पिठातून उभ्या केलेल्या. रेशनकार्डावरून त्याचं नाव कमी करायला माय किती चकरा मारून आली, तर दरवेळी उत्तर एकच, आधी नवऱ्याची सही आणा. जो माणूस घरात नाही तो घरात नाही हे सांगायला त्याचीच सही. म्हणून नाव तिथंच पडून होतं, आणि आता या एका ओळीनं ते उचलून मायच्या घराला चिकटवलं होतं.

ती सुदर्शनच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. बसली नाही. सुदर्शन काही वाईट माणूस नव्हता, आवाज चढवणं त्याला माहीत नव्हतं, आणि त्याच्यावर राग काढताना तीच तर पंचाईत व्हायची. त्यानं समजावून सांगितलं. वरून तक्रार आली होती की पत्रांत रिकामे रकाने फार. त्यानं मोजणीच्या पोरांना विचारलं, तर कारण निघालं अगदी साधं. आपल्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेतात का? नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. पोरानं दारात उभं राहून विचारलं, सहमालकाचं नाव सांगा, तर बाई पदर तोंडात धरून हसणार, आमच्या त्यांचंच हाय, लिवा की. पोरगं काय लिहिणार? त्यानं रकाना मोकळा सोडला आणि पुढचं घर गाठलं. म्हणजे रिकामा रकाना हा लाजऱ्या बाईचा नवरा, असा सुदर्शनचा हिशोब. तो रेशनच्या फाइलीतून भरला तर कुणाचं काय बिघडलं?

आणि खरं सांगायचं तर बहुतेक घरांपुरता तो बरोबर होता. पुनमला जास्त राग आला तो याच गोष्टीचा.

"रिकामं म्हणजे विसरलेलं नसतं, सर," ती म्हणाली. "माझ्या मायला त्या पोरानं पुन्हा पुन्हा विचारलं होतं. तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं, कुणी न्हाई म्हणून. तेही रिकामंच."

सुदर्शननं मायचं पत्र स्वतःच्या स्क्रीनवर घेतलं, सहमालकाच्या नावावर खूण केली आणि बोट बटनावर ठेवलं. तुझ्या आईचं मी आत्ता हातानं काढून टाकतो, म्हणाला. एवढ्यासाठी कशाला जीव जाळतेस?

एवढ्यासाठी! पुनमच्या डोळ्यांपुढून गल्ली सरकली. पलीकडच्या आळीतली अंगणवाडीची उमादेवी, लग्नच न केलेली, पगारातून दोन खोल्या बांधलेली. तिचं नाव भावाच्या रेशनकार्डात. म्हणजे आता भाऊ मालक. आणि हे एक गाव झालं. तालुक्यात अशा किती जणी असतील, कुणाला ठाऊक? फाइलीत लाजणारीचा रकाना आणि टाकलेलीचा रकाना अगदी एकसारखा दिसतो. हे फक्त त्या बाईला विचारूनच कळतं, आणि विचारायला कुणी जाणार नाही.

"नको," पुनम म्हणाली. "काढायचं तर सगळ्यांचं काढा. न्हाईतर माझ्या मायचंही राहू द्या."

मागं वाजिदनं कपाळाला हात लावला. बोलणं तोंडातून गेल्यावर पुनमलाही कळलं की आपण काय बोलून बसलो, पण धनुष्यातून सुटलेला बाण आणि रागानं बोललेला शब्द, दोन्ही परत येत नाहीत. सुदर्शननं बोट बटनावरून काढलं. ठीक आहे, म्हणाला, तसंही पत्रं मसुदा म्हणूनच चालली आहेत, सकाळीच सगळ्या मालकांना आणि सहमालकांना मोबाईलवर मेसेज गेलेत, ज्याला हरकत असेल तो गावच्या सभेत तोंडी सांगेल. रेशनच्या फाइलीत नाव होतं तसा नंबरही होता. म्हणजे मेसेज लातूरला पोचला होता.

पुनमनं मग एकच गोष्ट मागितली. जी नावं आपण भरली, त्या प्रत्येक नावाखाली एक ओळ छापायची, हे नाव घरमालकिणीने सांगितलेले नाही. सुदर्शननं विचार केला, त्यात त्याला काही धोका दिसला नाही, हो म्हणाला. वाजिदनं तिच्या शेजारी बसून ती ओळ घातली, सगळ्या गावांची पत्रं पुन्हा काढली आणि तिला म्हणाला, आता घरी जा, अम्मीला तू सांग, दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको. ती मुखेडच्या एसटीत बसली तेव्हा डोक्यात सुदर्शनला द्यायच्या राहिलेल्या उत्तरांची गर्दी झाली होती. मायला काय सांगायचं, ते मात्र एकही सुचत नव्हतं.

पण मायला कळायचं ते कळून चुकलं होतं. गिरणीसमोरच्या बाकड्यावर शिवशंकर बसला होता. केसांना काळा रंग, पांढरा शर्ट, मांडीवर मोबाईल. आत माय दळण घालत होती, त्याच्याकडं पाठ करून, आणि गिरणीचा पट्टा रोजच्यापेक्षा जोरात वाजत होता. त्यानं पुनमला, मोठी झालीस गं, म्हटलं, जणू ती त्याच्या परवानगीवाचून वाढली होती. मग मेसेज दाखवला. आपण कुठं काही मागितलं, सरकारनंच नाव लावलं म्हणाला. आता लागलंच आहे तर ही पुढची खोली रस्त्यावर आहे, लातूरच्या पोराला मोबाईलचं दुकान टाकायला बरी पडेल. गिरणी काय, मागं परसातही बसवता येते.

परसात गिरणी! तिथं ना थ्री-फेजची लाइन, ना बायकांना यायला वाट. पुनमला वाटलं, चाळणीतला कोंडा उचलून याच्या काळ्या केसांवर ओतावा. ती काही बोलायच्या आत मायनं तिला नुसत्या मानेनं घरात बोलावलं.

चुलीपुढं उभं राहून पुनमनं सगळं सांगितलं. ओळ कशी आली, सुदर्शननं बोट बटनावर कसं ठेवलं होतं, आणि आपण नको म्हणालो. मायनं ऐकून घेतलं, पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं, आणि मग जी सुटली ती सुटलीच. शिकून शहाणी झालीस म्हणाली. घर जळून राहिलंय आणि तू गावाच्या आगी विझवायला निघालीस म्हणाली.

"तुज्या तत्त्वाला माजीच गिरणी सापडली का गं?" माय म्हणाली.

पुनमनं मान खाली घातली. उमादेवीचंही झालंय, एवढंच पुटपुटली, भावाचं नाव लागलंय. माय एकदम थांबली. कुणाचं, तिच्या त्या दारुड्या भावाचं? तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलथली नाही. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, सभा कवा हाय?

सभा दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर होती. ग्रामसेवक शेषेराव एकेक पत्र वाचत होते आणि लोक मान डोलवून हाव म्हणत होते. नियम असा की हरकत असेल तर उभं राहायचं, कोणतं नाव काढायचं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं, मग शेषेराव त्यावर रेघ मारणार. तुळजाबाईच्या पत्रात आदिनाथ आला तशी ती लाजून चूर झाली, आमचं ऱ्हाऊ द्या, म्हणाली, आणि बायका खळखळून हसल्या. आदिनाथला काही ऐकू आलं नाही, पण सगळे हसले म्हणून तोही हसला.

मग मायचं नाव आलं. मालक महादेवी बसप्पा, सहमालक शिवशंकर संगप्पा बिरादार, आणि खाली ती ओळ, हे नाव घरमालकिणीने सांगितलेले नाही. ही ओळ शेषेरावांनी दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा त्यांना वाटलं आपलंच चुकलं. माय उभी राहिली. हे नाव काढा, म्हणाली.

शेषेरावांनी पेन हातात घेतलं. कोणतं नाव, बाई? नाव सांगावं लागतं.

इथं एक गोष्ट माहीत हवी. माणूस सोडून गेला, दुसरी केली, कार्यात समोर आला तर ओळख न दाखवता निघून गेला, तरी मायनं त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. शिव्या देतानासुद्धा नाही. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव सांगायची वेळ आली तेव्हा तिनं आजोबांना पुढं केलं होतं. पुनम या गोष्टीवरून तिच्याशी किती भांडली असेल त्याला गणती नाही. ज्यानं तुझं आयुष्य खाल्लं त्याचं आयुष्य जपतेस कशाला, असं ती म्हणायची, आणि माय म्हणायची, तुला न्हाई कळायचं.

शिवशंकरला मात्र पक्कं कळत होतं. तो पाराच्या कडेला पाय सोडून बसला होता. शेजारच्याला म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तिच्या तोंडून न्हाई यायचं ते."

मायनं डोक्यावरचा पदर नीट केला. ओठ हलले, आवाज आला नाही. पुनमला वाटलं आता ही खाली बसणार, आणि खोली गेली, गिरणी गेली, सगळं आपल्या एका नकोपायी. मग मायनं त्याच्याकडं तोंड केलं, थेट, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"शिवशंकर संगप्पा बिरादार," माय म्हणाली. "ह्ये नाव. ह्यो माणूस माज्या घरात न्हाई, नव्हता. लिवा, आन् काढा."

एका म्हातारीनं कानावर हात ठेवले. शिवशंकरचा चेहरा असा उतरला की काळ्या केसांखाली तो एकदम म्हातारा दिसायला लागला. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण शेषेरावांनी रेघ मारलीसुद्धा होती. त्यांनी विचारलं, मग त्या जागी काय लिहू? मायनं सांगितलं, काय बी न्हाई, मोकळं ठेवा. ती बसायच्या आधीच पलीकडं उमादेवी उभी राहिली होती, आणि तिनं भावाचं नाव घ्यायला अजिबात वेळ लावला नाही. पुढं दुसऱ्या गावांतूनही हरकती येत गेल्या आणि सुदर्शननं रेशनच्या फाइलीची ती ओळ स्क्रिप्टमधून काढून टाकली. पटलं म्हणून नव्हे, वरून तक्रार आली म्हणून. पुनम त्यानंतर महिनाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

पण ते नंतरचं. त्या दिवशी दोघी सभेतून परत आल्या तर गिरणीसमोर डबे लागले होते. मायनं कुलूप काढायला किल्ली घेतली आणि ती काही केल्या भोकात जाईना. पुनमनं किल्ली घेतली, दार उघडलं. तिला मायला मिठी मारायची होती, जिंकलीस म्हणायचं होतं. रस्त्यावरून लातूरकडं जाणारी एसटी धुरळा उडवत गेली, आणि माय दारात उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

"पुनम," माय हळूच म्हणाली, "आता त्यांला काई व्हनार तर न्हाई ना गं?"

पुनमला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. लातूरच्या त्या माणसाचा, सुदर्शनचा, त्या एका ओळीचा, आणि ज्या कुणी हे मायच्या काळजात घालून ठेवलं होतं त्या सगळ्यांचा. काही होत नाही, माय, ती म्हणाली, आणि पुढं होऊन गिरणीचं बटन दाबलं, कारण त्यापुढं जे तोंडात आलं होतं ते तिला मायला ऐकू द्यायचं नव्हतं.